सीआरपी आणि क्रिएटिनिन: सॅम्पल देण्याआधीपासून रिपोर्ट वाचेपर्यंत, आणि लोक नेमके कुठे चुकतात

परवा सकाळी साडेसातला एक काकाजी काउंटरवर आले. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत अकरा रिपोर्ट, चार वेगवेगळ्या लॅबचे, एकही तारखेप्रमाणे लावलेला नाही. म्हणे, "भाऊ, युरिया त्रेचाळीसवरून वीसवर आला ना, मग किडनी सुधरली का नाई?" मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर ब्लड युरिया ४३, दुसऱ्यावर बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, २०. आता बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो, म्हणजे २० चे झाले जवळपास ४३. आकडा जिथल्या तिथेच. पण मधल्या काळात कोणीतरी दिलेल्या पुड्यांना श्रेय देऊन झालं होतं आणि बीपीची गोळी बंद करून झाली होती.

मी नागपुरात पंधरा-सोळा वर्षं लॅबमध्ये काम करून राहिलो, सॅम्पल घेणं, मशीन लावणं, रिपोर्ट देणं, आणि मग दारात उभं राहून तोच तो गोंधळ समजावणं. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही. पण सूज दाखवणाऱ्या तपासण्या (मुख्य सीआरपी, दाह झाला की रक्तात वाढणारं प्रोटीन) आणि किडनीच्या तपासण्या (मुख्य क्रिएटिनिन, किडनीने बाहेर टाकायचा स्नायूंचा कचरा) एकत्र करायच्या असतील तर काय क्रमाने करायचं, ते खाली टप्प्याटप्प्याने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण नव्वद टक्के घोळ सुई टोचायच्या आधीच झालेला असतो (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेला नाही).

आधी ‘सूज’ म्हणजे कोणती सूज ते ठरवा

डॉक्टर म्हणतात "अंगात सूज आहे" आणि पेशंट लगेच पायाकडे बघतो. आपल्याकडे एकाच शब्दात तीन गोष्टी कोंबल्या आहेत. पायावर, डोळ्याखाली पाणी साचतं ती एक. सोनोग्राफीत "किडनीला सूज" लिहून येतं, म्हणजे लघवी पुढे सरकत नसल्यामुळे किडनी फुगलेली, खडा, प्रोस्टेट वगैरे, ती दुसरी. आणि तिसरी म्हणजे आतला दाह, जी डोळ्याला दिसत नाही, फक्त रक्तात कळते. या लेखात तिसरीबद्दल बोलतोय.

या तिसरीचं आणि किडनीचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. दाह बराच काळ टिकला की किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि गाळण्या हळूहळू कडक होत जातात. उलट, किडनी कमी पडायला लागली की जे पदार्थ बाहेर जायला हवेत ते रक्तात साचतात आणि त्यांनीच दाह वाढतो. म्हणून किडनीच्या जुन्या पेशंटमध्ये सीआरपी थोडा वर राहिलेला बरेचदा दिसतो. पण सीआरपी तयार होतो लिव्हरमध्ये, किडनीत नाही. मोहल्ल्यात बोंब झाली एवढंच तो सांगतो, कोणत्या घरात ते सांगत नाही. दाढ सडलेली असली तरी वाढतो, पायाच्या जखमेनेही वाढतो, निमोनियानेही वाढतो. त्यामुळे "सीआरपी वाढला म्हणजे किडनी गेली" हे चूक, आणि "सीआरपी नॉर्मल म्हणजे किडनी ठणठणीत" हे त्याहून मोठं चूक.

टप्पा १: दिवस ठरवा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते म्हणून जरा लांबण लावतो.

तपासणी दोन कारणांनी होते. एक तातडीची: ताप आहे, उलट्या-जुलाब आहेत, लघवी कमी झाली, डॉक्टरांनी "आजच कर" सांगितलं. तिथे काही तयारी बियारी नाही, जसे आहात तसे जा. दुसरी पायाभूत, म्हणजे एरवी आपली किडनी किती काम करते आणि एरवी आपला सीआरपी किती असतो ते बघायला. लोक करतात काय, तातडीच्या दिवशीचा आकडा पायाभूत म्हणून धरतात आणि आयुष्यभर उराशी बाळगतात.

आमच्या घरचंच सांगतो. बाबा ६३ वर्षांचे, शुगर आहे. चिकनगुनिया झाला, सांधे असे धरले की पलंगावरून उठता येईना. मी ड्युटीवर, आणि बाबांनी दुकानातून परस्पर पेनकिलर आणून आठ दिवस सकाळ-संध्याकाळ घेतल्या, वरून जेवण नाही, पाणी नाही. तपासलं तर क्रिएटिनिन १.९, सीआरपी ६४. आधीच्या वर्षी क्रिएटिनिन १.१ होतं. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज (जास्त तितका चांगला), काढला तर ७५ वरून ३९. आईने तर डायलिसिसचा खर्च विचारायला सुरुवात केली. डॉक्टरांनी पेनकिलर थांबवल्या, पाणी सुरू केलं, तीन आठवड्यांनी परत केलं: क्रिएटिनिन १.३, सीआरपी ४. ईजीएफआर ६२. मी लॅबवाला असून माझ्या घरात हे झालं, आता बोला.

तर पायाभूत तपासणीसाठी नियम साधे आहेत. ताप, जुलाब, दातदुखी, लघवीची जळजळ, ऑपरेशन, मोठी जखम, यातलं काही झालं असेल तर ते पूर्ण बरं झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. सीआरपी तसा पटकन उतरतो, कारण मूळ कारण थांबलं की साधारण १९ तासांत निम्मा होतो, पण कारण थांबायला वेळ लागतो ना. किडनीला तर सावरायला अजून जास्त वेळ. लस घेतली असेल तरी आठवडाभर थांबलेलं बरं.

आणि मे महिना. पारा ४५ च्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, घाम सुकून अंगावर मीठ येतं. अशा दिवसात पाणी कमी पडलेल्या माणसाचा युरिया-क्रिएटिनिन वर जाणारच. तातडीचं नसेल तर दरवर्षीची तपासणी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत कधीतरी ठेवा, आणि दरवर्षी त्याच सुमारास.

> थांबा: लघवी खूप कमी झाली, दम लागतोय, चेहरा-पाय अचानक सुजले, सतत उलट्या होतायत, गुंगी येतेय, तर "ताप उतरू दे, मग करू" हा नियम लागू नाही. सरळ मेडिकल, मेयो, एम्स (आमच्या नागपूरची मोठी सरकारी हॉस्पिटलं), जे जवळ असेल तिथे जा.

टप्पा २: काय काय करायचं त्याची चिठ्ठी

"किडनी प्रोफाइल करून द्या" असं म्हणाल तर प्रत्येक लॅब आपल्या मनाचं पॅकेज देईल. चिठ्ठीवर नावं लिहून घ्या.

किडनीसाठी: क्रिएटिनिन आणि सोबत ईजीएफआर, युरिया, पोटॅशियम-सोडियम, आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, ज्याला एसीआर म्हणतात. हा शेवटचा लोक हमखास सोडतात, कारण रक्ताला मान आहे, लघवीची बाटली न्यायची लाज वाटते. पण शुगर-बीपीवाल्याची किडनी बिघडायला लागली की बरेचदा पहिली खूण रक्तात नाही, लघवीत दिसते. क्रिएटिनिन तेव्हा मस्त ०.९ वगैरे असतं आणि माणूस खुश.

सुजेसाठी: सीआरपी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीरम अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन). हिमोग्लोबिन कमी असेल तर फेरिटिन (लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्त बनवायला हाताशी असलेलं लोह), दोन्ही जोडीने, एकटं फेरिटिन नको. का ते पुढे येतं.

साधा सीआरपी आणि एचएस-सीआरपी यातला फरक डॉक्टरला विचारून घ्या. मोजतात दोन्हीत तोच पदार्थ, पण एचएस वाला अगदी बारीक आकडे पकडतो, हृदयाचा धोका बघायला वापरतात: १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, सगळं मिलीग्रॅम प्रति लिटरमध्ये. तो १० च्या वर आला तर हृदयाबद्दल काही बोलायचं नाही, कुठेतरी इन्फेक्शन किंवा दुखापत असणार, ते निस्तरून दोन आठवड्यांनी परत करायचा.

ईएसआर (लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते, दाहाचीच जुनी तपासणी) स्वस्त आहे म्हणून सगळे करतात. करा, पण किडनीच्या पेशंटमध्ये त्याच्यावर भिस्त ठेवू नका. रक्त कमी असलं, वय जास्त असलं, लघवीतून प्रोटीन जात असलं की तो तसाच वर असतो, नवीन काही झालेलं नसतानाही.

आयएल-६, टीएनएफ रिसेप्टर (दाहाशी संबंधित प्रोटीनं) असली नावं असलेली महागडी पॅकेजंही आजकाल कोणी कोणी सुचवतं. संशोधनात त्यांना वजन आहे हे खरं. बोस्टनच्या जोस्लिन सेंटरमधल्या लोकांनी २०१२ मध्ये दाखवलं की रक्तात टीएनएफ रिसेप्टर १ आणि २ जास्त असलेल्या डायबेटिसच्या पेशंटची किडनी पुढच्या वर्षांत जास्त वेगाने घसरली, आणि २०१९ मध्ये अशा १७ प्रोटीनचा एक गटच सापडला. पण त्यावरून तुमची गोळी बदलत नाही. तो पैसा एसीआर वेळेवर करण्यात घाला.

टप्पा ३: आधीचे दोन दिवस

१. मटण-चिकन आदल्या दिवशी दुपारनंतर बंद, किमान १२ तास. शिजवलेल्या मांसात क्रिएटिनिन तयारच असतं, ते पोटातून रक्तात येतं आणि आकडा फुगवतं. शनिवारी रात्री सावजी हाणून रविवारी सकाळी सातला सॅम्पल द्यायला येणारे दर आठवड्याला दोन तरी असतात. एकाला तर मी विचारायच्या आधीच वासावरून कळलं. त्यांचं १.४ आलं, पाच दिवसांनी वरण-भात खाऊन परत दिलं तर १.२.

२. जिम, पळणं, मोठी मेहनत दोन दिवस नको. क्रिएटिनिन वाढतं, लघवीत अल्ब्युमिन येतं, सीआरपीसुद्धा हलतो. क्रिएटिन पावडर घेत असाल तर ते काउंटरवर सांगा, डॉक्टरला तर नक्कीच.

३. पाणी. हे मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावावं असं वाटतं. उपाशीपोटी म्हणजे पाण्याविना नाही! लोक रात्री नऊला जेवतात, नंतर पाण्याचा घोट नाही, सकाळी लाइनीत उभे, नंबर यायला साडेदहा, ओठ सुकलेले, शीर सापडत नाही, आणि वर युरिया वाढलेला. साधं पाणी नेहमीसारखं प्या. उगाच दोन लिटर ढोसूनही येऊ नका. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय त्यांनी तेवढंच. आणि खरं तर क्रिएटिनिन, सीआरपीला उपाशी राहायची गरजच नाही, सोबत शुगर आणि लिपिड असेल तरच.

४. गोळ्यांची यादी. डॉक्टरने लिहिलेली कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, फक्त यादी करायची. काही गोळ्या किडनीला धक्का न लावता क्रिएटिनिनचा आकडा वर नेतात, जसं कोट्रायमोक्साझोल, फेनोफायब्रेट. स्टेरॉइडने सीआरपी दबतो, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिननेही थोडा उतरतो, तर गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतो. पेनकिलर मात्र वेगळ्या रांगेत लिहा: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, किती दिवस, किती वेळा. बीपीची काही ठरावीक गोळी (रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी), लघवीची गोळी आणि वरून पेनकिलर, हे तिघं एकत्र आले की किडनीचं काही खरं नसतं, उन्हाळ्यात तर नाहीच.

> तपासून घ्या: काढा, भस्म, वजन कमी करायची पावडर, गुडघेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या, हे "औषध" म्हणून कोणी सांगत नाही. यादीत तेही लिहा. काकाजींच्या पुड्या अशाच होत्या.

टप्पा ४: सॅम्पल देताना

लघवी सकाळची पहिली, सुरुवातीची थोडी सोडून मधली. पाळी चालू असेल, जळजळ असेल, ताप असेल तर एसीआर त्या दिवशी नको. साध्या लघवी तपासणीत "अल्ब्युमिन ट्रेस" आलं म्हणून घाबरायचं नाही आणि "निल" आलं म्हणून निवांतही व्हायचं नाही, कारण लघवी घट्ट की पातळ यावर ती पट्टी बदलते. एसीआरमध्ये क्रिएटिनिनने भागलेलं असतं म्हणून तो फरक निघून जातो.

रक्त देताना मूठ उघडझाप करू नका. शीर दिसावी म्हणून लोक जोरजोरात करतात, आम्हीही घाईत "मूठ आवळा" म्हणून मोकळे होतो, आणि पोटॅशियम खोटं वाढतं. हातावरचा पट्टा मिनिटभराच्या वर बांधलेला राहिला तर सांगा, "दादा, पट्टा सोडा." वाईट वाटत नाही आम्हाला.

घरून सॅम्पल देत असाल तर पहिली वेळ मागा. मुलगा मानेवाड्यातून निघून बेसा, मनीषनगर, वर्धा रोड करत अकरा वाजता लॅबला पोचला तर डब्यातलं रक्त तसंच राहतं. रक्त दोन तासांच्या आत फिरवून सीरम वेगळं व्हायला हवं. तसं न करता उन्हात राहिलं तर घोळ, आणि तसंच फ्रीजमध्ये ठेवलं तरीही पोटॅशियम वाढलेलं दिसतं. रिपोर्टवर "हिमोलाइज्ड" (म्हणजे सॅम्पलमधल्या लाल पेशी फुटल्या) शब्द असेल तर पोटॅशियमचा आकडा सोडून द्या, परत द्या.

टप्पा ५: आधी युनिट, मग आकडा

रिपोर्ट आला की नजर थेट ठळक अक्षरांवर जाते. तसं करू नका. पेन घ्या आणि हे चार ठिकाणी टिक करा.

वय आणि लिंग बरोबर छापलंय का? ईजीएफआर त्यावरच निघतो. क्रिएटिनिन १.२ हा एकच आकडा घ्या. ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर त्यावरून येतो ८३, आणि ५८ वर्षांच्या बाईचा येतो ५२. लॅबच्या छापील रेंजमध्ये कधी कधी दोघांनाही "नॉर्मल" लिहून येतं! म्हणून क्रिएटिनिन एकटं वाचायचं नाही. हे आकडे २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने काढलेत, रिपोर्टवर दुसरं सूत्र असेल तर थोडे हलतील. गरोदरपणात हे सूत्र वापरत नाहीत.

युरिया की बीयूएन? काकाजी आठवा.

सीआरपीचं युनिट काय? काही लॅब मिलीग्रॅम प्रति लिटर देतात, काही मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर. दहापटीचा फरक. ०.८ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८ मिलीग्रॅम प्रति लिटर. एका ताईंनी आधीचा ८ आणि आताचा ०.८ बघून हळदीच्या दुधाची कमाल म्हणून सगळ्या नातेवाइकांना मेसेज पाठवले. मी काही बोललो नाही आधी, मग बोललोच.

एसीआर: ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० वाढलेला, ३०० च्या वर फार वाढलेला, मिलीग्रॅम प्रति ग्रॅममध्ये.

टप्पा ६: दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा

क्रिएटिनिन वाढलंय आणि सीआरपीही चांगला पन्नास-शंभर आहे. हा बहुतेक आजारपणाचा धक्का, बाबांसारखा. यावरून जुना किडनी विकार ठरत नाही. पण दुर्लक्षही नाही, कारण ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं किंवा आठवड्यात दीडपट झालं तर डॉक्टर त्याला किडनीची अचानक इजा म्हणतात आणि त्याच दिवशी दाखवायला लागतं.

क्रिएटिनिन वाढलंय आणि सीआरपी एकदम कमी. इथे लोक फसतात, "सूज नाही म्हणजे बरं आहे". नाही. बीपी, शुगर, प्रोस्टेट, खडा, यांनी किडनी गुपचूप खालावते आणि सीआरपीला पत्ताही लागत नाही. सोनोग्राफी आणि एसीआर पुढे करा.

क्रिएटिनिन ठीक, सीआरपी वर. जागा शोधा. तोंड उघडून हिरड्या बघा, शुगरवाल्यांनी पायाच्या बोटांमधली फट बघा, लघवीची तपासणी बघा. तंबाखू आणि पोटाचा घेर यांनीही सीआरपी कायम थोडा वर राहतो.

आणि चौथी, सगळ्यात चिवट: दोन्ही थोडे थोडे वर, प्रत्येक वेळी. सीआरपी ५-६-७, ईजीएफआर पन्नाशीत, तीन महिन्यांनंतरही तसंच. या माणसांच्या बाबतीत बाकीचे आकडे कामाला येतात. सीरम अल्ब्युमिन बघा, ते दाहात खाली येतं आणि लघवीतून गेलं तरी खाली येतं, म्हणून एसीआरसोबत वाचायचं. सीबीसीत न्यूट्रोफिलच्या टक्क्याला लिम्फोसाइटच्या टक्क्याने भागा (दोन्ही पांढऱ्या पेशी): ७२ ला १८ ने, आले ४. हा आकडा दाहात वाढतो, पण ठरलेली सीमारेषा नाही, स्वतःच्या जुन्या आकड्याशीच ताडून बघा.

फेरिटिनचं वेगळं सांगतो. हिमोग्लोबिन ९, फेरिटिन ४०० आलं की घरचे म्हणतात लोह तर भरपूर आहे, मग गोळ्या कशाला. फेरिटिन दाहातही वाढतं. लोह कोठारात कुलूपबंद, आणि रक्त बनवायला मिळत नाही. म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. लोहाच्या गोळ्या मात्र स्वतःच सुरू करू नका, बंदही नका करू.

> थांबा: सिस्टॅटिन सी, म्हणजे क्रिएटिनिनसारखंच किडनीचं काम मोजायला वापरतात ते रक्तातलं प्रोटीन. क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं, म्हणून अगदी काटकुळ्या म्हाताऱ्या माणसात ते फसवं कमी दिसतं, पैलवानात फसवं जास्त. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन सी सांगतात, आणि ती चांगली तपासणी आहे. पण दाह, स्टेरॉइड, जास्त चालणारं थायरॉइड, लठ्ठपणा, सिगारेट यांनी सिस्टॅटिन सी किडनीशी संबंध नसताना वाढतं. म्हणजे सीआरपी चढलेला असताना हे केलं तर किडनी आहे त्याहून वाईट दिसेल. म्हणून सिस्टॅटिन सी कराल त्याच सॅम्पलमध्ये सीआरपी जोडा, आणि सीआरपी वर असेल तर सिस्टॅटिनचा आकडा कंसात ठेवा.

टप्पा ७: एक वही, एक लॅब, तीन महिने

शंभर पानी वही. रकाने: तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, सीआरपी युनिटसकट, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, आणि शेवटचा रकाना रुंद ठेवा, "त्या दिवशी काय होतं". ताप, पेनकिलर, नवीन गोळी, लग्नाचं जेवण, काहीही. हा रकाना नसेल तर वही बिनकामाची, कारण सहा महिन्यांनी तुम्हाला आठवणार नाही आणि डॉक्टरला तर माहीतच नसणार.

लॅब बदलू नका. दोन लॅबची क्रिएटिनिन मोजायची पद्धत वेगळी असू शकते, जुन्या पद्धतीत कावीळ, खूप वाढलेली शुगर, कीटोन यांनी आकडा हलतो. त्याच लॅबमध्येही १.१ चं १.२ होणं म्हणजे बिघाड नाही, तेवढं तर चालतंच. ईजीएफआर २० टक्क्यांहून जास्त पडला तर मात्र कारण शोधायला हवं. वर्षाला ५ पेक्षा जास्त अंकांनी सलग घसरतोय, तर किडनीच्या डॉक्टरकडे जा.

बीपीची ती ठरावीक गोळी किंवा शुगरची काही नवीन गोळी सुरू झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं, हे अपेक्षितच असतं. बीपीच्या त्या गोळीत पहिल्या चार आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंत वाढ डॉक्टर चालवून घेतात, कारण पुढे जाऊन तीच गोळी किडनी वाचवते. आकडा बघून गोळी बंद करणारे आणि मग दोन वर्षांनी व्हीलचेअरवर येणारे मी बघितलेत.

जुना किडनी विकार म्हणायला बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकावा लागतो. एसीआरही एकदाच वाढून चालत नाही, तीनपैकी दोन वेळा वाढलेला हवा. बाबांचं तीन महिन्यांनी परत केलं: क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ६८, सीआरपी २. छान वाटलं. पण एसीआर ८५. महिन्याभराने परत ७०. म्हणजे चिकनगुनियाचा धक्का उतरला, शुगरची किडनी मात्र खाली तशीच होती, आणि आम्ही इतकी वर्षं फक्त क्रिएटिनिन करून खुश होतो. लघवी कोणी तपासलीच नव्हती, मी धरून.

टप्पा ८: डॉक्टरकडे

धंतोली-रामदासपेठेत तीन तास बसून आत मिळतात चार मिनिटं. त्यामुळे पिशवी नको, वहीचं एक पान पुढे करा. सोबत गोळ्यांची पाकिटं, फक्त नावं नाही, कारण "पांढरी छोटी गोळी" यावरून कोणाला काही कळत नाही. विचारायचं एवढंच:

ईजीएफआर आणि एसीआर दोन्ही धरून माझी पायरी कोणती? (९० आणि वर, ६० ते ८९, ४५ ते ५९, ३० ते ४४, १५ ते २९ आणि १५ च्या खाली, असे टप्पे असतात, आणि एसीआरने धोका बदलतो.)

सीआरपी वर आहे तर कुठून असेल, आणि तुम्ही तो परत करायला सांगाल का?

दुखलं तर कोणती गोळी घेऊ? हा प्रश्न तब्येत बरी असतानाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण रात्री अकराला गुडघा ठणकत असताना माणूस विचार करत नाही.

पोटॅशियम वाढलेलं असेल तर फळांचं विचारा. आपल्याकडे हिवाळ्यात घरोघरी पेटीभर संत्री येतात, आणि "ज्यूसने ताकद येते" म्हणून रोज दोन ग्लास पाजलेले पेशंट माझ्याकडे सहाच्या पोटॅशियमने आलेत. सगळ्यांनाच संत्री बंद असं नाही, किती ते विचारा. आणि फक्त सीआरपी खाली आणायला औषध मागू नका, ज्यामुळे वाढला ते बरं झालं की तो आपोआप उतरतो.

निघताना पुढची तारीख वहीत लिहून घ्या. बाबांची सहामाही येते शुक्रवारी. काल रात्री त्यांनी विचारलं, "मंग सावजी गुरुवारी चालेल का?" मी म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी, आणि दोनच तुकडे.